उपनगरांचे वॉर्ड वाढतात, शहराचे का घटतात?

मुंबई महानगरपालिकेच्या 227 जागांपैकी 2012च्या निवडणुकीत शहराच्या (म्हणजे माहीम-शीवपर्यंतच्या दक्षिणेकडील भागाच्या) वाट्याला 63, पश्चिम उपनगरांच्या वाट्याला 97 आणि पूर्व उपनगरांच्या वाट्याला 67 जागा होत्या. 2017मध्ये हेच आकडे अनुक्रमे 56, 102 आणि 69 झाले. सात जागा माहीम-शीवच्या पलीकडे सरकल्या, आणि त्यासाठी कोणाच्या राजकीय मर्जीची गरज नव्हती. शाळेतले त्रैराशिक पुरेसे होते. 2001च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1,19,78,450 होती, म्हणजे एका वॉर्डामागे सरासरी सुमारे 52,800 माणसे. शहर जिल्ह्यातील 33,38,031 लोकसंख्येला या सरासरीने भागले की 63 येतात. 2011मध्ये एकूण लोकसंख्या 1,24,42,373 झाली, सरासरी 54,800च्या आसपास गेली. शहराची लोकसंख्या मात्र 30,85,411 इतकी कमी झाली. भागाकार 56 वर आला.

सरासरी ठरल्यानंतर प्रत्यक्ष सीमा आखण्याचे काम सुरू होते. (येथे वॉर्ड म्हणजे एक नगरसेवक निवडून देणारा प्रभाग, ‘आर उत्तर’, ‘के पूर्व’ हे प्रशासकीय विभाग निराळे.) वॉर्डाची लोकसंख्या सरासरीपेक्षा साधारण दहा टक्क्यांहून अधिक कमी-जास्त नसावी, असा राज्य निवडणूक आयोगाचा दंडक आहे. आखणी उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, मग पश्चिम अशी नागमोडी सरकत दक्षिणेत संपवायची असते. म्हणूनच पहिला वॉर्ड दहिसरला आणि शेवटचा कुलाब्याला येतो. बांधकामाच्या विटा म्हणजे जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी एकेका प्रगणकाला नेमून दिलेले घरांचे छोटे समूह. रेल्वेमार्ग, नाले, मोठे रस्ते या नैसर्गिक कडा. लोकसंख्या जुळेपर्यंत हे गट एकमेकांना जोडत जायचे. साहजिकच वरच्या अंगाला एक वॉर्ड वाढला तरी खालच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात, आणि अमुक क्रमांकाच्या वॉर्डात पूर्वी कोण निवडून आले होते, ही चौकशी पुष्कळदा भलत्याच वस्तीविषयीची ठरते.

उपनगरातल्या वॉर्डाच्या निवडणूक इतिहासातली खरी मेख येथे आहे. समजा, एका वॉर्डात पहिल्या पक्षाला 8,000 आणि दुसऱ्याला 7,400 मते मिळाली होती. फेररचनेत नाल्यापलीकडची काही मतदान केंद्रे शेजारच्या वॉर्डात गेली. तेथे पहिल्याची 900 आणि दुसऱ्याची 300 मते होती. त्यांच्या बदल्यात आलेल्या केंद्रांवर पहिल्याची 350 आणि दुसऱ्याची 700 मते होती. नवा हिशेब पहिल्याचे 7,450 आणि दुसऱ्याचे 7,800 असा होतो. एकाही मतदाराचे मत बदललेले नाही, तरी बालेकिल्ला ढासळला अशी बातमी होऊ शकते. यासाठी जाणकार अभ्यासक वॉर्डाचे जुने निकाल केंद्रनिहाय सोडवतात आणि नव्या सीमेत पुन्हा जुळवून काल्पनिक आधाररेषा काढतात. प्रत्यक्ष निकालाची तुलना त्या रेषेशी करायची असते. केंद्रांच्या हद्दीही बदलत असल्याने हे काम किचकट आहे, पण त्यावाचून केलेली तुलना फारशा कामाची नसते.

दुसरी उलथापालथ आरक्षणाच्या सोडतीमुळे होते. सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला की विद्यमान नगरसेवकाला शेजारचा वॉर्ड शोधावा लागतो किंवा घरातल्या महिलेला उभे करावे लागते. तक्रारीचा सूर बहुतेक वेळा येथेच थांबतो, आणि तो अगदीच निराधार नाही. संशोधकाला मात्र हीच सोडत पर्वणी वाटते, कारण कोणता वॉर्ड राखीव व्हावा हे चिठ्ठीने ठरले, तर राखीव आणि खुल्या वॉर्डांतला नंतरचा फरक आरक्षणाचाच परिणाम मानता येतो. नव्या औषधाची चाचणी घेताना रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून करतात, त्यातलाच हा प्रकार.

राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांनी मुंबईच्या 1997 आणि 2002च्या निवडणुकांवर नेमका याच पद्धतीने अभ्यास केला. त्यांचा निबंध 2009मध्ये प्रसिद्ध झाला. 2002मध्ये खुले असलेले, पण 1997मध्ये महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड त्यांनी एका बाजूला घेतले आणि दोन्ही वेळा खुले असलेले दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात महिला निवडून येण्याची शक्यता दुसऱ्याच्या सुमारे पाचपट आढळली. आरक्षण उठले तरी त्याचा ठसा उरला होता: काही महिलांनी एका कार्यकाळात स्वतःचे बस्तान बसवले होते, आणि महिला उमेदवार जिंकू शकते हे पक्षांनाही कळले होते. सीमांच्या घोळात हरवलेल्या वॉर्डांच्या इतिहासातून इतका स्पष्ट निष्कर्ष निघावा, ही माझ्या मते मुंबईच्या निवडणूक नोंदींची मोठीच मिळकत आहे. 2012पासून महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तुलनेला उरणाऱ्या खुल्या वॉर्डांची संख्या आता कमी झाली आहे.

2021मध्ये जागा 227 वरून 236 करण्याचा निर्णय झाला आणि 2022मध्ये सरकार बदलल्यावर तो फिरवला गेला. जानेवारी 2026ची निवडणूकही 2011च्या जनगणनेवरच झाली. मधल्या काळात उपनगरांत झोपडपट्ट्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, पण वॉर्ड आखणाऱ्याच्या कागदावर ती वस्ती अजून पंधरा वर्षांपूर्वीचीच आहे. पुढची जनगणना 2027ची आहे. तिचे आकडे हाती आल्यावर 56, 102 आणि 69 ही विभागणी पुन्हा मांडावी लागेल.