उसुई घाटातली 'असामा'

कर्जतला गाडी थांबली की मागे बँकर, म्हणजे घाटात ढकलणारी जादा इंजिनं लागतात, हलकासा धक्का बसतो आणि वडेवाले खिडकीशी येतात. जपानमधल्या योकोकावा स्टेशनात १९९७ पर्यंत असंच घडायचं. तिथे वड्याऐवजी मातीच्या मडक्यातला 'कामामेशी' भात मिळे, आणि पुढचा उसुई घाट आपल्या बोरघाटाच्या दुपटीहून खडा.

टोकियोतल्या उएनो स्टेशनापासून नागानोपर्यंत धावणारी 'असामा' ही लिमिटेड एक्सप्रेस १९६६ साली सुरू झाली. योकोकावा ते कारुइझावा या ११.२ किलोमीटरमध्ये ती सुमारे साडेपाचशे मीटर चढायची. दर १५ मीटरला १ मीटर चढ! म्हणजे गाडीच्या प्रत्येक १०० टन वजनामागे जवळजवळ पावणेसात टनांची ओढ सतत उताराकडे. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मुळात कमी. म्हणून १८९३ पासून ७० वर्षं इथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी होती. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर सरके. १९६३ मध्ये साध्या रुळांवर १०८ टनी 'ईएफ६३' इंजिनं आली. ती कायम जोडीनं आणि कायम उताराच्या बाजूला लागत. चढताना मागून रेटायचं, उतरताना पुढून गाडी तोलून धरायची.

पण खरी गंमत या रेट्यात आहे. मागून ढकललं की डब्यांमधली सगळी कपलिंग, म्हणजे डबे जोडणारे सांधे, दाबली जातात. गाडी लांब असेल तर हा दाब मधला एखादा डबा उचलून रुळांवरून उतरवू शकतो. त्यामुळे घाट चढण्याआधी डब्यांच्या एअर स्प्रिंगमधली (डबा तोलणाऱ्या हवेच्या उशांमधली) हवा चक्क सोडून देत, आणि गाडीही ८ डब्यांचीच ठेवत.

१९७५ साली १८९ मालिकेचे डबे आले आणि ही मर्यादा १२ डब्यांवर गेली. आता घाटात गाडीच्या स्वतःच्या मोटरीही जोर लावू लागल्या, पण त्यांचा ताबा मागच्या इंजिनातल्या चालकाकडे. त्याला पुढचं काहीच दिसत नसे! पुढचा चालक सिग्नल बघून मागे कळवी आणि मागचा गाडी हाकी. एवढा विश्वास रोज, दर फेरीला लागायचा.

३० सप्टेंबर १९९७ ला हा घाटमार्ग बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, 'असामा' हे नाव घेतलं. तिचा मार्ग वळसा घेऊन जातो, चढ दर हजार मीटरला ३० मीटरच. योकोकावाला आता रूळ संपतात. तिथल्या रेल्वे उद्यानात ईएफ६३ जपली आहेत. प्रशिक्षण घेतलं की ते इंजिन स्वतः चालवताही येतं.