निकाराग्वातील अमेरिकी लष्करी हस्तक्षेप

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात अमेरिकेच्या मरीन दलाने (नौदलाशी संलग्न सैनिकांच्या दलाने) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवलेला दीर्घ तळ आणि त्याच्या बळावर चाललेले आर्थिक व राजकीय नियंत्रण. बहुतेक संदर्भग्रंथ याचा काळ ऑगस्ट १९१२ ते जानेवारी १९३३ असा देतात. तथापि काही अभ्यासक आरंभ १९०९ किंवा १९१० पर्यंत मागे नेतात, आणि १९२५–२६ मधील काही महिने देशात मरीन तुकडी नव्हती, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या देशावर परकीयांची नजर खिळण्याचे मूळ कारण भूगोलात आहे. सान ह्वान नदी आणि निकाराग्वा सरोवर यांतून जलमार्गाने गेल्यास पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रिव्हासजवळ जमिनीची केवळ अरुंद पट्टी उरते; त्यामुळे दोन महासागर जोडणाऱ्या कालव्यासाठी हा मार्ग सोयीचा मानला जाई. लेओन येथील उदारमतवादी आणि ग्रानादा येथील परंपरावादी यांचे जुने वैर हे दुसरे कारण होय. लेओनच्या पक्षाने मदतीला बोलावलेला विल्यम वॉकर हा अमेरिकी साहसी पुरुष १८५६ मध्ये स्वतःच राष्ट्राध्यक्ष बनला. १८५७ मध्ये त्याला मध्य अमेरिकी राज्यांच्या संयुक्त फौजांपुढे हार पत्करावी लागली. त्यानंतर उदारमतवाद्यांची पत गेल्यामुळे परंपरावाद्यांची राजवट तीन दशकांहून अधिक काळ टिकली. १८९३ मध्ये होसे सांतोस सेलाया या उदारमतवादी नेत्याने ती संपवली आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला.

सेलायाच्या पतनाची कारणमीमांसा हा या विषयातील सर्वाधिक वादग्रस्त भाग आहे. ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्लूफील्ड्स येथे ह्वान होसे एस्त्रादा याने बंड पुकारले. बंडखोरांच्या बाजूने लढणाऱ्या दोन अमेरिकी नागरिकांना सेलायाच्या सरकारने देहदंड दिला, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी १ डिसेंबर १९०९ च्या खलित्याने राजनैतिक संबंध तोडले आणि त्याच महिन्यात सेलायाने राजीनामा दिला. एका मतानुसार या सर्वामागे खाणमालकांचे हितसंबंध होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आदोल्फो दियास हा ‘ला लूझ अँड लॉस एंजेलिस’ या अमेरिकी खाण कंपनीचा नोकर होता आणि कंपनीच्या मालकांशी नॉक्स यांचा वकील म्हणून पूर्वीचा संबंध होता. मरीन अधिकारी स्मेडली बटलर यांनी १९३० च्या दशकात आपण सावकारी पेढ्यांसाठी लढलो अशी कबुली दिली, तिचाही आधार या मताचे पुरस्कर्ते घेतात. मात्र हे लेखन घटनेनंतर दोन दशकांनी झालेले आहे, आणि निकाराग्वातील अमेरिकी भांडवल क्यूबा किंवा मेक्सिकोच्या तुलनेत फारच अल्प होते. दुसऱ्या मतानुसार पनामा कालव्याचे काम सुरू झाल्यावर प्रतिस्पर्धी कालवा दुसऱ्या सत्तेच्या हाती जाऊ नये, ही चिंता निर्णायक ठरली. सेलायाने जर्मनी व जपान यांच्याशी कालव्याबाबत संधान बांधल्याचे अनेक ग्रंथांत सांगितले जाते. त्याचा कागदोपत्री पुरावा तोकडा असला, तरी त्याने १९०९ मध्ये लंडनच्या पेढ्यांकडून कर्ज उभारले होते, हे निश्चित. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी सामरिक कारणमीमांसा घटनाक्रमाशी अधिक जुळते, असे दिसते.

१९११ मध्ये दियास सत्तेवर आला. त्याच वर्षी झालेल्या कर्जकराराला अमेरिकी सिनेटने मान्यता दिली नाही. परंतु ‘ब्राउन ब्रदर्स’ व ‘सेलिगमन’ या पेढ्यांनी १५ लाख डॉलरचे छोटे कर्ज दिले आणि जकातवसुली अमेरिकी अधिकाऱ्याच्या हाती गेली. १९१२ मध्ये दियासविरुद्ध झालेले बंड मोडण्यासाठी दोन हजारांहून अधिक मरीन व नौसैनिक उतरवण्यात आले. मसायाजवळच्या कोयोतेपे टेकडीवर लढणारा बंडखोर सेनानी बेंहामिन सेलेदोन ४ ऑक्टोबर १९१२ रोजी मारला गेला. त्याच्या मृत्यूचे तपशील वेगवेगळे दिले जातात. त्यानंतर मानाग्वा येथील वकिलातीच्या रक्षणासाठी सुमारे शंभर मरीन ठेवण्यात आले. संख्येने किरकोळ असलेल्या या तुकडीमुळे सशस्त्र उठाव व्यर्थ आहे, असा संदेश विरोधकांना मिळत राहिला.

१९१४ च्या ब्रायन–चामोरो तहाने ३० लाख डॉलरच्या मोबदल्यात कालव्याचे हक्क अमेरिकेला मिळाले, शिवाय कॉर्न बेटे व फोन्सेका आखातातील नाविक तळाची जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. कोस्टा रिका व एल साल्वादोर यांनी मध्य अमेरिकी न्यायालयात दाद मागितली आणि निकाल निकाराग्वाच्या विरुद्ध लागला; परंतु तो धुडकावला गेला आणि १९१८ मध्ये न्यायालयच बंद पडले. विवाद शांततेने सोडवण्याचा या प्रदेशाने उभारलेला एक मोलाचा प्रयत्न अशा रीतीने वाया गेला.

ऑगस्ट १९२५ मध्ये तुकडी परतली, पण यादवी उसळताच मरीन पुन्हा आले. अमेरिकेचे दूत हेन्री स्टिमसन यांनी मे १९२७ मध्ये दोन्ही पक्षांत घडवलेला समझोता ऑगुस्तो सांदिनो या उदारमतवादी सेनानीने नाकारला आणि सेगोव्हिया पर्वतप्रदेशातून गनिमी लढा दिला. जुलै १९२७ मध्ये ओकोताल येथे अमेरिकी विमानांनी त्याच्या सैन्यावर बाँबफेक केली. दरम्यान मरीन अधिकाऱ्यांनी ‘ग्वार्दिया नासिओनाल’ हे पोलीस व लष्कर यांचे एकत्रित दल उभारले. पक्षनिरपेक्ष सैन्य हा त्यामागचा घोषित हेतू होता. जानेवारी १९३३ मध्ये मरीन परतले. २१ फेब्रुवारी १९३४ रोजी याच दलाने सांदिनोची हत्या केली आणि दलप्रमुख आनास्तासिओ सोमोसा गार्सिया याने १९३६ मध्ये सत्ता बळकावली. त्याच्या घराण्याची हुकूमशाही जुलै १९७९ पर्यंत चालली. हस्तक्षेपाचा सर्वांत दूरगामी परिणाम म्हणून या दलाकडेच पाहावे लागते.

सोमोसा घराण्याला हटवून सत्तेवर आलेल्या, सांदिनोचे नाव घेतलेल्या सांदिनिस्ता चळवळीच्या राजवटीविरुद्ध अमेरिकेने १९८० च्या दशकात ‘काँत्रा’ बंडखोरांना साहाय्य केले आणि १९८४ मध्ये बंदरांत सुरुंग पेरले. भारताचे नगेंद्र सिंह अध्यक्ष असताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी अमेरिकेला दोषी ठरवले. अमेरिकेने निकाल मानला नाही. १९९० च्या निवडणुकीनंतर आलेल्या व्हिओलेता चामोरो यांच्या सरकारने १९९१ मध्ये नुकसानभरपाईचा दावा मागे घेतला.