मनाचे दवाखाने एकाच पेठेत का दाटतात?

‘जळगावात आता दर दोन बोळांमागे डोक्याचा डॉक्टर बसतो. म्हणजे बघा, शहरात किती जणांची डोकी फिरलीत!’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एस.टी.त ऐकलंय आणि विज्ञान शिकवणाऱ्या एका गुरुजींच्या तोंडूनही ऐकलंय. त्याची दुसरी बाजू खेड्यात ऐकू येते. तापीकाठच्या एखाद्या गावात विषय काढा, ओट्यावर बसलेली जाणती माणसं ठणकावून सांगतील, ‘आमना गावमा कोणी येडं नही शे.’ आणि दारू? ती काय, सगळेच पितात.

दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे. दवाखाना दिसतो तिथे आजार आहे आणि दिसत नाही तिथे आजार नाही, असं आपण धरून चालतो. खानदेशात मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, व्यसनमुक्तीची ओपीडी हे बहुतेक सगळं जिल्ह्याच्या गावी आणि तिथेही मध्यवस्तीतच सापडतं. पण दवाखान्यांचे ठिपके जोडून आजाराचा नकाशा तयार होत नाही. तो पोचणाऱ्यांचा नकाशा असतो.

ही चूक मोठमोठ्यांनाही चकवून गेली आहे. फॅरिस आणि डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये शिकागोतल्या मनोरुग्णांच्या पत्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराचे) रुग्ण शहराच्या मध्यभागी सर्वांत दाट आणि बाहेर जावं तसे विरळ, असं त्यात दिसलं. मग वाद पेटला: मध्यवस्तीतलं एकाकी, गरीब जगणं माणसाला आजारी पाडतं, की आजाराने काम सुटलेली माणसं स्वस्त खोल्यांच्या शोधात मध्यवस्तीकडे वाहत येतात? शिवाय ते पत्ते रुग्णालयात दाखल झालेल्यांचे होते. जो दाखलच झाला नाही, त्याचा ठिपका कुठून पडणार? महानगरी जगण्यामुळे काही आजार खरोखर वाढतात, हे मी नाकारत नाही. पण ते तपासायचं तर घरोघरी जाऊन मोजावं लागतं. दवाखान्यांच्या पाट्या मोजून ते कळत नाही.

मग दवाखाने मध्यवस्तीत का जातात? ‘तिथे पैसा आहे म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. फुकट सेवा देणाऱ्या सरकारने, निव्वळ लोकांचा प्रवास वाचवायचा म्हणून जागा शोधली, तरी बहुतेक वेळा बोट त्याच चौकावर येतं. यामागचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

धडगावहून म्हसावद, शहादा, प्रकाशा करत नंदुरबारला येणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. या रस्त्यावर कुठेतरी एकच केंद्र काढायचं आहे आणि सगळ्या रुग्णांच्या प्रवासाची बेरीज कमीत कमी हवी आहे. हिशेबापुरते आकडे धरू: धडगावचे १० रुग्ण, म्हसावदचे ८, शहाद्याचे २०, प्रकाशाचे ५ आणि नंदुरबारचे ४५. पहिल्या झटक्यात वाटतं की केंद्र मध्ये कुठेतरी, शहाद्याच्या आसपास असावं. आता करून बघा. केंद्र नंदुरबारात आहे असं धरा आणि ते प्रकाशाच्या दिशेने एक किलोमीटर सरकवा. नंदुरबारच्या ४५ जणांना एकेक किलोमीटर जास्त पडला, उरलेल्या ४३ जणांचा एकेक किलोमीटर वाचला. एकूण प्रवास दोन किलोमीटरने वाढला. आणखी एक किलोमीटर सरकवा, आणखी दोनने वाढला. म्हणजे नंदुरबार सोडलं की तोटाच.

यातली खरी गंमत अजून पुढे आहे. या हिशेबात धडगाव किती लांब आहे हे आपण विचारलंच नाही! ते आणखी शंभर किलोमीटर मागे, डोंगरात ढकललं तरी उत्तर तेच. बेरीज कमीत कमी करणारं ठिकाण हे सरासरीचं ठिकाण नसतं, मध्यकाचं असतं. सरासरी लांबच्या टोकाकडे ओढली जाते. मध्यक फक्त इकडे किती माणसं आणि तिकडे किती, एवढंच मोजतो.

एकाच रस्त्याऐवजी सगळा जिल्हा घेतला तर? त्यासाठी फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों याच्या नावाने ओळखलं जाणारं एक साधं यंत्र आहे. लाकडी फळीवर जळगाव जिल्ह्याचा नकाशा चिकटवा. प्रत्येक गावाच्या जागी भोक पाडा, त्यातून दोरी ओवा, खाली त्या गावच्या रुग्णसंख्येइतकं वजन टांगा आणि फळीवर सगळ्या दोऱ्यांची टोकं एका गाठीत बांधा. गाठ सोडून द्या. घर्षण धरलं नाही, तर ती जिथे स्थिरावेल तिथे एकूण प्रवास सर्वांत कमी. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने १९०९ मध्ये कारखान्यांच्या जागेचा सिद्धांत मांडला, त्यातही हीच फळी कामाला आली. दोरी लांब असो वा आखूड, तिची ओढ खालच्या वजनाएवढीच असते. लांबीचा संबंध नाही, फक्त दिशेचा आहे. चोपडा वायव्येकडे ओढतो, जामनेर आग्नेयेकडे. रावेर ईशान्येला, चाळीसगाव नैर्ऋत्येला. समोरासमोरच्या ओढी एकमेकींत बऱ्याचशा जिरतात. उरलेली ओढ, म्हणजे सगळ्या सदिशांची बेरीज, जळगावच्या वजनापेक्षा कमी भरली की गाठ सरळ जळगावच्या भोकात अडकते. त्यासाठी जळगावात निम्मे रुग्ण असण्याचीही गरज उरत नाही. पुढे १९६४ मध्ये हाकिमी या संशोधकाने दाखवून दिलं की रस्त्यांच्या जाळ्यावर असं सर्वोत्तम ठिकाण शोधताना गावं आणि चौक तपासले तरी पुरतं. मधल्या माळरानावर याहून चांगलं ठिकाण मिळणार नाही. (सदिश डोक्यावरून गेले असतील तर सोडून द्या. फळी आणि दोऱ्या लक्षात राहिल्या तरी बस.)

म्हणजे मध्यवस्तीतली गर्दी ही कुणाची कारस्थानं नाहीत. मात्र या गणितात एक गृहीत लपलंय: रुग्ण कितीही लांबून येईलच.

तो येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने १८५० मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. मनोरुग्णालयांच्या दाखलपटांवरून त्याने पाहिलं की रुग्णालयाजवळच्या भागांतून लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ रुग्ण येतात आणि अंतर वाढावं तसे ते घटत जातात. वेड काही रुग्णालयाभोवती उगवत नाही. जवळचे येतात, लांबचे घरीच राहतात. आरोग्य-भूगोलात याला आजही जार्व्हिसचा नियम म्हणतात.

आता हा नियम आपल्या धडगाव-नंदुरबारच्या हिशेबावर बसवा. धडगावच्या दहांपैकी दोघेच आले. नंदुरबारच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये ४५ नंदुरबारचे आणि धडगावचे २. पुढच्या वर्षी नवा डॉक्टर, नव्या खाटा कुठे द्यायच्या हे ठरवताना साहेब रजिस्टर उघडतात. धडगावला मागणीच दिसत नाही! मग वाढीव सोयही मध्येच. त्याने मधल्यांची संख्या आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की आकडेच त्याची बाजू घेऊ लागतात.

व्यसनाच्या बाबतीत हा नियम आणखी कडक चालतो, कारण इथे फेरी एकदाची नसते. हाड मोडलं तर माणूस दोनचारदा येईल. दारू सोडणाऱ्याला आधी काही दिवस दाखल राहावं लागतं, मग दर आठवड्याला, मग दर महिन्याला यावं लागतं आणि ते वर्षभर किंवा जास्त चालतं. बहुतेक वेळा सोबत बायको नाहीतर भाऊ असतो, म्हणजे दोन तिकिटं आणि दोन मजुऱ्या बुडाल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत हे कोण करणार? व्यसनांच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं सांगता आलं. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात दारूच्या आजारातली उपचारांवाचूनची माणसं सुमारे ८६ टक्के भरली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याला खेटून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. सीमेपलीकडे चित्र असं आणि अलीकडे वेगळं, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

अंतरासोबत रुग्ण घटत जाण्याच्या जार्व्हिसच्या या उतरत्या आलेखाला आपल्याकडे एक कुबडही आहे. काही माणसं मुद्दाम जवळचा दवाखाना टाळून लांब जातात. भुसावळचा जळगावला, जळगावचा नाशिकला. कारण उघड आहे: कुणी पाहू नये. दातांचा, कातडीचा आणि मनाचा डॉक्टर एकाच कॉम्प्लेक्समध्ये असतील, तर जिना चढणारा कुणाकडे चालला हे खालच्या टपरीवाल्याला कळत नाही. मध्यवस्तीतली गर्दी ही अशी आडोशाच्याही कामी येते. त्यात रक्त तपासणारी लॅब, फिजिशियन आणि ही औषधं ठेवणारं मेडिकल शेजारीच लागतं, म्हणून एक डॉक्टर बसला की दुसराही तिथेच गाळा शोधतो.

अमेरिकेच्या शहरांतही अशी केंद्रं मध्यवस्तीत दाटलेली असतात, पण तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. मग नवी औषधं आली, वस्तीतच उपचार देण्यासाठी १९६३ चा कायदा आला आणि रुग्णालयं रिकामी होऊ लागली. वस्तीवस्तीत पर्यायी केंद्रं व्हायची होती, ती पुरेशी झाली नाहीत. उपनगरांतल्या लोकांनी ‘आमच्या दारात नको’ म्हणून विरोध केला आणि माणसं व केंद्रं दोन्ही, श्रीमंतांनी सोडून दिलेल्या स्वस्त मध्यवस्तीत साचली. आपली मध्यवस्ती सोडून दिलेली नाही, उलट तिथल्या गाळ्याचं भाडं ऐकून घाम फुटतो. आणि आपल्याकडे रिकामी करायला मोठी रुग्णालयंही नव्हती: राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला. खानदेशात एकही नाही.

‘दारात नको’ मात्र आपणही शिकलोय. कॉलनीत व्यसनमुक्ती केंद्र येणार म्हटलं की सह्यांची मोहीम सुरू होते. केंद्रामुळे गुन्हे वाढतात का, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये तपासलं गेलंय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपचार केंद्रांच्या आसपासचे हिंसक गुन्हे आणि दारूची व किराण्याची दुकानं यांच्या आसपासचे गुन्हे यांची तुलना केली होती. उपचार केंद्रं त्या दुकानांहून वाईट ठरली नाहीत. बिअर शॉपीला गप्प राहणाऱ्या कॉलनीने हे जरूर वाचावं.

लांबचा माणूस दवाखान्यात पोचत नाही, तेव्हा तो नुसता बसून राहत नाही. जवळ जे मिळेल तिकडे जातो. रोज पिणाऱ्याने अचानक दारू तोडली की पहिल्या दोन-चार दिवसांत काहींना कंप सुटतो, नसलेले किडे नि माणसं दिसू लागतात, झटके येतात. हे दारूशी जुळवून घेतलेल्या मेंदूचं अचानक बेफाम होणं आहे आणि वेळेवर उपचार नसतील तर यात जीव जातो. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि अंगारा येतो. दुसरा शेजारधर्म म्हणजे ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ वाली पुडी. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर ते यकृतात दारूचं विघटन अर्ध्यावर रोखतं, ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचतं, वर दारू प्यायली की रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून. भाजीत कालवून नव्हे.

मग जिल्ह्याचं केंद्र उचलून डोंगरात न्यायचं का? नाही. प्रश्न बदलायचा. ‘एकूण प्रवास कमीत कमी’ऐवजी ‘सर्वांत लांबच्या माणसाचं अंतर कमीत कमी’ असं विचारलं, की व्हारिन्योंची फळी निकामी होते आणि धडगाव एकदम हिशेबात येतं. एक केंद्र असेल तर ते दोन टोकांच्या मध्ये सरकतं, दोन असतील तर दुसरं डोंगराकडे जातं. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. कुठला प्रश्न विचारायचा हे गणित ठरवत नाही, ते जिल्हा नियोजनाच्या बैठकीत ठरतं. तिथे रजिस्टरसोबत तालुकानिहाय लोकसंख्या ठेवली तरी न आलेल्यांचा अंदाज येईल.

काही कामं मध्यवस्तीतून आजही बाहेर काढता येतात. बोलणं फोनवर होऊ शकतं. २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू आहे, अर्थात रेंज असेल तिथे. झटके मात्र फोनवर थांबत नाहीत. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात डायझेपामसारखं मेंदू शांत करणारं औषध आणि ते कधी, किती द्यायचं हे शिकलेला एमबीबीएस डॉक्टर पुरतो, प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागत नाही. आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. ‘डॉक्टर, एक बाटली लावून द्या’ हा आपल्याकडचा लाडका आग्रह आहे, पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनचा खडखडाट असतो. त्याला आधी थायमिन न देता ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलंसुरलं थायमिन त्या साखरेच्या ज्वलनात खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. हे इंजेक्शन महाग नाही, आणि ते धडगावच्या कपाटात ठेवायला कुणाच्या वजनाची वाट बघावी लागत नाही.