पुरस्काराच्या यादीतली प्रेमकादंबरी घरी नेण्याआधी
(आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयातल्या इंग्रजी रोमान्सच्या कपाटाशी हल्ली चांगली गर्दी असते. पूर्वी तिथे मिल्स अँड बूनची पातळ पुस्तकेच जास्त होती. आता जाडजूड कादंबऱ्या आल्या, मालिका आल्या आणि मुखपृष्ठांवर ‘विजेती’, ‘अंतिम यादीत’ असे गोल शिक्के आले. पुस्तक बदलायला आलेले सभासद काउंटरवर विचारतात, “याला अवॉर्ड आहे ना? मग चांगलंच असेल!” दर वेळी दोन मिनिटांत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचे मत आधीच सांगतो. शिक्का पाहावा, पण तो कोणी दिला आणि कोणत्या गटात दिला हेही पाहावे. प्रेमकादंबऱ्यांत उपप्रकार बदलला की सगळेच बदलते. एका प्रकारात ज्याचे कौतुक होते, तेच दुसऱ्या प्रकारात वाचकाला खटकते. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी पुस्तके अर्धवट वाचून परत यायची थांबतील.

शिक्का कोणाचा?

आपल्या कपाटात सगळ्यात जास्त दिसतो तो ‘रिटा’. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संस्थेचा हा पुरस्कार. १९८२ मध्ये तो ‘गोल्डन मेडॅलियन’ या नावाने सुरू झाला आणि १९९० पासून संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष रिटा क्ले एस्ट्राडा यांचे नाव त्याला मिळाले. समकालीन, ऐतिहासिक, रहस्यप्रधान, अद्भुत, धार्मिक-आध्यात्मिक, किशोरवयीन असे त्याचे वेगवेगळे गट असत. संस्थेची अट साधी होती: प्रेमकथा पुस्तकाच्या केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा हवा. परीक्षक मुख्यतः याच प्रकारात लिहिणारे लेखक असत. त्यामुळे रिटाच्या यादीतल्या पुस्तकाची बांधणी सहसा पक्की असते. संवाद, वेग, दोघांमधला ताण हे सगळे जाणत्या हाताने लिहिलेले असते.

या यादीची एक बाजू मात्र सभासदांना माहीत असायला हवी. कृष्णवर्णीय लेखिकांना रिटा पहिल्यांदा मिळाला तो थेट २०१९ मध्ये, केनेडी रायन आणि एम. मलोन यांना. भारतीय वंशाच्या निशा शर्मा यांनाही किशोरवयीन गटातला रिटा त्याच वर्षी मिळाला. त्यानंतर संस्थेत मोठा वाद झाला, २०२० मध्ये रिटा दिलाच गेला नाही आणि पुढे तो बंदच झाला. त्याच्या जागी ‘व्हिव्हियन’ पुरस्कार आला, आणि २०२४ मध्ये संस्थेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हा जुन्या याद्यांत एखादे नाव दिसले नाही म्हणून ते पुस्तक डावे समजू नका. त्या याद्यांत बऱ्याच चांगल्या लेखिकांना जागाच मिळाली नव्हती, असे आम्हाला मनापासून वाटते.

दुसरा शिक्का ‘गुडरीड्स चॉइस’चा, म्हणजे गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाचा. इथे परीक्षक मंडळ नाही, वाचकांची मते मोजली जातात. अलीकडच्या वर्षांत पहिल्या फेरीत प्रत्येक गटात २० पुस्तके असतात. मत देणाऱ्याने ती सगळी वाचलेली असावीत अशी अट नाही, त्यामुळे ज्या लेखिकेचा वाचकवर्ग आधीच मोठा, तिचे पारडे जड. एमिली हेन्री यांनी २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षे रोमान्सचा गट जिंकला, यावरून अंदाज यावा. पुस्तके वाईट आहेत असे नाही (त्या आमच्याही आवडत्या लेखिका आहेत). पण हा शिक्का लोकप्रियतेचा आहे.

ब्रिटनमध्ये १९६० मध्ये स्थापन झालेली रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशनही दरवर्षी पुरस्कार देते. तिच्या यादीतली पुस्तके आपल्याकडे थोडीच आहेत, पण शांत, घरगुती वळणाच्या कथा आवडणाऱ्यांनी ती जरूर मागावीत.

सभासद काय म्हणतात?

आपल्या प्रत्येक रोमान्स पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आम्ही एक पट्टी चिकटवतो, हे आपण पाहिले असेलच. वाचून झाले की तिच्यावर दोन ओळी लिहायच्या, नाव लिहायची गरज नाही. या पट्ट्या आम्ही जपून वाचतो. पुढची मते तिथलीच.

ऐतिहासिक गटापासून सुरुवात करू, कारण वाद सगळ्यात रंगतात ते तिथे. यातली बरीच पुस्तके इंग्लंडच्या रीजन्सी काळात, म्हणजे १८११ ते १८२० च्या आगेमागे घडतात. लोरेटा चेस यांची ‘लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स’ थोडी नंतरच्या काळातली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला रिटा मिळाला. जेसिका ट्रेंट ही हुशार, व्यवहारी मुलगी भावाला वाईट संगतीतून सोडवायला पॅरिसला येते आणि तिची गाठ पडते डेन या बदनाम उमरावाशी. पुढे तो तिची चारचौघांत बेअब्रू करतो, तेव्हा ती रडत बसत नाही. पिस्तूल घेऊन जाते आणि त्याच्यावर गोळी झाडते. या पुस्तकाची पट्टी भरून वर दुसरी चिकटवावी लागली. सुरुवातीला कोणी लिहिले आहे, “पहिल्या काही पानांत लहान मुलाचे हाल आहेत, वाचवत नाहीत. पण थांबू नका, पुढे जा.” त्याखाली वेगळ्या अक्षरात, “नायक फार अरेरावी करतो. मला नाही आवडला.” आणि त्याला बाण काढून तिसरीचे उत्तर, “म्हणूनच तर गोळी घातली तिने!”

या तीन ओळींत पुस्तकाचे मर्म आले आहे. नायक उर्मट आहे, त्याच्या उर्मटपणाला कारण आहे आणि त्याला सडेतोड उत्तर देणारी नायिका आहे. यातली कुठलीही एक गोष्ट आपल्याला चालणार नसेल तर शिक्क्याकडे न बघता दुसरे पुस्तक घ्यावे.

ज्युलिया क्विन यांच्या ब्रिजर्टन मालिकेचे उदाहरणही बोलके आहे. डिसेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि आपल्याकडे पहिल्या भागासाठी रांग लागली. या मालिकेतल्या आठव्या कादंबरीला, ‘ऑन द वे टू द वेडिंग’ला, २००७ मध्ये रिटा मिळाला आहे. आपल्या सभासदांचा ओढा मात्र चौथ्या भागाकडे, पेनेलोपी आणि कॉलिनच्या गोष्टीकडे. आठव्या भागाच्या पट्टीवर “ग्रेगरी आधी भलतीच्याच प्रेमात पडतो, त्यात फार पाने जातात” अशी तक्रार आहे. पहिल्या भागात पतीपत्नीमधला एक प्रसंग संमतीच्या दृष्टीने बऱ्याच वाचकांना खटकतो. आपल्याही दोन-तीन सभासदांनी तसे स्पष्ट लिहिले आहे आणि त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. टीव्हीवरची मालिका पाहून पुस्तक नेणाऱ्यांना आम्ही हे आधी सांगतो.

‘आउटलँडर’ मागणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. डायना गॅबल्डन यांच्या या पुस्तकाला १९९२ मध्ये सर्वोत्तम रोमान्सचा रिटा मिळाला, पण ती आकाराने अवाढव्य कादंबरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरची एक परिचारिका १७४३ च्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते. इतिहासाची गोडी असलेले सभासद तिच्यावर लुब्ध आहेत. “प्रेमकथा म्हणून नेली, पण छळाची पाने सोसली नाहीत” असेही मत आहे, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

समकालीन गटात मागणी सगळ्यात जास्त आणि गैरसमजही सगळ्यात जास्त. मुखपृष्ठ गुलाबी-पिवळे, चित्र व्यंगचित्रासारखे, म्हणून आतले सगळे हलकेफुलके असेल असे वाटते. हेलन हुआंग यांची ‘द किस कोशंट’ हे त्याचे ठळक उदाहरण. २०१८ मध्ये वाचकांच्या मतांवर ती रोमान्स गटात पहिली आली. नायिका स्टेला आकडेवारीत रमणारी, ऑटिझम असलेली मुलगी आहे. लेखिकेलाही मोठेपणी ऑटिझमचे निदान झाले, त्यामुळे स्टेलाला आवाजाचा, वासाचा, स्पर्शाचा होणारा त्रास फार खरा उतरला आहे. विशेष मुलांसोबत काम करणाऱ्या आमच्या एका सभासद ताईंनी पट्टीवर लिहिले, “तिला कोणी ‘बरी’ करत नाही, हे सगळ्यात आवडले.” त्याच पुस्तकात शरीरसंबंधांचे मोकळे आणि तपशीलवार वर्णन आहे. एक आई शाळकरी मुलीसाठी ते मुखपृष्ठ पाहून नेत होत्या, तेव्हा आम्ही काउंटरवरच थांबवून कल्पना दिली.

एमिली हेन्री यांच्या पुस्तकांत ‘बुक लव्हर्स’ आपल्याकडे सगळ्यांना आवडते. नायिका साहित्यिक एजंट, नायक संपादक, दोघेही कामात बुडालेले आणि जिभेने तिखट. पट्ट्यांवर प्रेमकथेइतकेच कौतुक दोन बहिणींच्या नात्याचे आहे. ‘हॅपी प्लेस’वर मात्र मते दुभंगली. तिच्यात जोडपे आधीच विभक्त झालेले आहे आणि मित्रमंडळींसमोर एकत्र असल्याचे नाटक करते आहे. “प्रेमात पडतानाची गंमत हवी होती, मिळाली ती हुरहूर,” असे एकीने लिहिले. लग्नाला बरीच वर्षे झालेल्या सभासदांना मात्र तीच जास्त भावली.

केनेडी रायन यांची ‘लाँग शॉट’, म्हणजे २०१९ ची रिटा विजेती, आम्ही मुद्दाम मागे वेगळ्या फळीवर ठेवली आहे. नायक बास्केटबॉल खेळाडू, पण कथेचा मोठा भाग नायिकेने दुसऱ्या पुरुषाकडून सोसलेल्या मारहाणीचा आणि दहशतीचा आहे. लिखाण अतिशय ताकदीचे. वाचणाऱ्याने मनाची तयारी करून वाचावे. सांगूनसवरून नेणाऱ्या सभासदांपैकी कोणीही ते अर्धवट परत केलेले नाही.

केसी मॅक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ २०१९ ची वाचकांच्या पसंतीची विजेती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि ब्रिटनचा राजपुत्र यांची प्रेमकथा. कॉलेजच्या मुलामुलींत ती हातोहात फिरते, आणि साठी ओलांडलेल्या एका काकांनी तिच्या पट्टीवर “पत्रे फार सुंदर” एवढेच लिहिले आहे.

रोमँटसी (अद्भुत जगातली प्रेमकथा) हा प्रकार इतका फोफावला, की गुडरीड्सने २०२३ पासून त्याचा वेगळा गट केला. पहिल्या वर्षीची विजेती रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’. ड्रॅगनवर स्वार होणाऱ्यांचे युद्ध महाविद्यालय, जिवावर बेतणाऱ्या परीक्षा आणि त्यात शत्रूच्या गोटातल्या मुलावर बसलेला जीव. तरुण सभासद ती दोन दिवसांत संपवून येतात. नेहमी साधे रोमान्स वाचणाऱ्यांची तक्रार ठरलेली: शेवट पुरा होत नाही, कथा ऐन धक्क्यावर तुटते. तक्रार रास्त आहे. या प्रकारात समाधानाचा शेवट मालिकेच्या टोकाला मिळतो, एका पुस्तकात नाही. निवांत शेवट हवा असेल तर ‘फोर्थ विंग’ सुट्टीत नेऊ नका, किंवा नेलीत तर पुढचा भागही सोबत न्या.

रहस्यप्रधान रोमान्सबद्दल थोडक्यात: २१ रिटा मिळवलेल्या नोरा रॉबर्ट्स यांच्यापासून सुरुवात करा. जे. डी. रॉब या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली पोलिस तपासाची मालिका १९९५ पासून चालू आहे आणि तिची गोडी लागली की वर्षभराची सोय होते. धार्मिक-आध्यात्मिक गटातली बहुतेक पुस्तके ख्रिस्ती श्रद्धेभोवती गुंफलेली असतात. शरीरसंबंधांची वर्णने नको असलेल्यांना ती सोयीची पडतात.

शेवटी आपल्या जवळची एक लेखिका. सोनाली देव मुंबईत वाढल्या, अमेरिकेत राहतात, आणि रिटाच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांची ‘अ बॉलिवूड अफेअर’ २०१४ मध्ये आली. चार वर्षांची असताना लग्न लागलेली राजस्थानची मिली अमेरिकेत शिकायला जाते आणि तिच्या न पाहिलेल्या नवऱ्याचा सिनेदिग्दर्शक भाऊ ते लग्न मोडून घ्यायला तिच्यामागे पोहोचतो. आपल्याकडे मते दोन तऱ्हेची. काहींना योगायोग फार फिल्मी वाटले. काहींनी लिहिले, की परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीची भूक आणि घरच्या जेवणाची ओढ पहिल्यांदाच इंग्रजी रोमान्समध्ये ओळखीची वाटली. इंग्रजी रोमान्स कधीच न वाचलेल्या सभासदांना आम्ही हेच पुस्तक पहिले देतो.

ठिपके आणि नोंदणी

पुस्तकाच्या कण्यावर खाली एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे चुंबनापलीकडे वर्णन नाही, पिवळा म्हणजे आहे पण मोजके, लाल म्हणजे मोकळे आणि तपशीलवार. ठिपक्यात काळी रेघ असेल तर पुस्तकात हिंसा किंवा छळ आहे. हे ठिपके आम्ही स्वतः वाचून किंवा पट्ट्यांवरून लावतो. चुकीचा वाटला तर सांगा, बदलू. अठरा वर्षांखालील सभासदांना लाल ठिपक्याचे पुस्तक पालकांच्या संमतीनेच मिळेल.

मालिकेचा पहिला भाग नेताना पुढच्या भागासाठी नाव त्याच वेळी नोंदवून ठेवावे, त्याचे वेगळे शुल्क नाही. पुस्तक परत करताना पट्टीवर निदान एक ओळ लिहावी ही आग्रहाची विनंती. आवडले नसेल तर का नाही ते लिहा. पुढच्या वाचकाला त्याचाच जास्त उपयोग होतो. पट्टी भरली असेल तर काउंटरवर नवी मागून घ्या.