‘विथ’ नेमका कोणाच्या बाजूचा?

‘ही फॉट विथ द फ्रेंच’ हे वाक्य संदर्भावाचून वाचलं, तर तो फ्रेंचांवर चालून गेला की फ्रेंचांच्या फळीत उभा राहिला, हे कळायला मार्ग नाही. मराठीत ‘फ्रेंचांशी लढला’ आणि ‘फ्रेंचांच्या बाजूने लढला’ यांत गल्लत होत नाही. इंग्रजीला ती वारशाने मिळाली आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंत, ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध, समोरासमोर’ असा होता. सोबतीसाठी वेगळा शब्द होता, ‘मिड’. जर्मनमधला ‘मिट’ त्याचाच भाऊबंद. पुढच्या काही शतकांत ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली. ‘मिड’ उरला तो ‘मिडवाइफ’मध्ये (बाईच्या सोबत असणारी), आणि ‘विथ’चा जुना विरोध उरला ‘विथस्टँड’मध्ये. हे का घडलं यावर एकमत नाही. एक बाजू इंग्लंडमधल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या) वसाहतींकडे बोट दाखवते: त्यांच्या भाषेतल्या याच शब्दाला विरोध आणि सोबत असे दोन्ही अर्थ होते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की बोलणं, सौदा करणं, भांडणं या क्रियांत माणूस समोरही असतो आणि सोबतही, त्यामुळे अर्थ आपोआप सरकला. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. आपलाच ‘शी’ पाहा: रामाशी भांडला, रामाशी बोलला, सीतेशी लग्न केलं. फरक एवढाच, की ‘बरोबर’ आणि ‘सोबत’ यांनी आपली जागा सोडली नाही, म्हणून ‘शी’ तिथेच थांबला.

‘मिड’कडचं साधन दाखवण्याचं कामही ‘विथ’कडे आलं. कर्ता दाखवायला तेव्हा ‘ऑव्ह’ चालत असे. 1611 च्या बायबल भाषांतरात ‘टेम्प्टेड ऑव्ह द डेव्हिल’ आहे. तिथे आता ‘बाय’ येतो. (हा ‘ऑव्ह’ आणि दूर जाण्याचा ‘ऑफ’ मुळात एकच शब्द, मराठीत आपण दोन्ही ‘ऑफ’ लिहून त्यांना पुन्हा एकत्र आणतो.) आजच्या वाटणीत ‘किल्ड विथ अ स्टोन’ म्हणजे दगड कोणाच्या तरी हातात होता, ‘किल्ड बाय अ स्टोन’ला हात लागत नाही, दगड दरडीवरून आलेलाही असू शकतो. मराठी ‘दगडाने’ दोन्हीकडे पुरतो, बाकीचं क्रियापद सांगतं. म्हणून ‘ट्रकने उडवलं’चं भाषांतर करताना ‘किल्ड विथ अ ट्रक’ लिहिलं, की अपघाताचा खून होतो.

‘ॲट’ आणि ‘टू’ यांचंही तसंच. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून, ‘ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून. ‘शाउट टू’ ऐकू जावं यासाठी, ‘शाउट ॲट’ रागाने.

मराठी माणसाच्या ठरावीक चुका प्रत्ययांमधून येतात. ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ’ (हवं ‘टू’), ‘माझ्यावर’मुळे ‘अँग्री ऑन मी’ (हवं ‘विथ मी’), ‘तीन दिवसांपासून’मुळे ‘सिन्स थ्री डेज’. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, उदाहरणार्थ ‘सिन्स मंडे’. कालावधी मोजायचा तर ‘फॉर’.

1980 च्या दशकात भाषाविज्ञानात ‘विथ’सारख्या एका अव्ययाचे अनेक अर्थ एकमेकांना जोडून जाळ्यासारखे मांडायची पद्धत आली आणि ‘ओव्हर’ तिचा गाजलेला नमुना ठरला. विमान टेकडीवरून जातं तेव्हा टेकडीला स्पर्श नाही, माणूस टेकडी चढून पलीकडे उतरतो तेव्हा आहे; म्हणून अर्थ दोन, असं काहींनी धरलं. 2000 नंतर यावर जोरदार आक्षेप आले: स्पर्शाची माहिती क्रियापद देतं, ‘ओव्हर’ नव्हे, मग अर्थ वाढवायचे कशाला? ‘विथ’ला हाच न्याय लावला तर बहुतेक वाक्यं सुटतात. ‘फॉट विथ’मध्ये मात्र क्रियापदही मदतीला येत नाही, तिथे सरळ ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अलाँगसाइड’ लिहावं लागतं.