इंग्रजीतील अल्पप्रमाणदर्शक शब्द

नेमका आकडा न सांगता थोडेपणा सुचवण्यासाठी इंग्रजीत योजले जाणारे शब्द, उदा., ‘अ कपल’, ‘अ फ्यू’, ‘सेव्हरल’, ‘सम’, ‘अ लिटल’, ‘अ बिट’. यांचे मराठीत ‘काही’ किंवा ‘थोडे’ असे सरसकट भाषांतर केले की त्यांचा निम्मा अर्थ गळून पडतो. कारण हे शब्द संख्येबरोबरच, आणि पुष्कळदा संख्येहून अधिक, त्या संख्येविषयीची बोलणाऱ्याची अपेक्षा सांगत असतात.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतील भेद हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. सभेला दहा माणसे आली असता ‘अ फ्यू’ म्हणणारा माणसे आली याची नोंद घेतो, तर नुसते ‘फ्यू’ म्हणणारा फारशी आली नाहीत याची. मराठी हेच काम दुसऱ्या साधनांनी करते. ‘थोडे लोक आले’ या वाक्यातील विशेषणाला ‘च’ जोडून ‘थोडेच लोक आले’ म्हटले, किंवा ‘फारसे लोक आले नाहीत’ असा नकार योजला, की ‘फ्यू’चा भाव उतरतो. इंग्रजीत हा सारा भार एका लहानशा उपपदावर आहे, आणि मराठीत तसे उपपदच नसल्याने इंग्रजी शिकणारा मराठी भाषक येथे सहज चुकतो. व्याकरणाचा नियम पाठ करून घेण्यापेक्षा ‘थोडे’ आणि ‘थोडेच’ ही जोडी समोर ठेवल्यास हा भेद लवकर उमगतो. ‘क्वाइट अ फ्यू’चा अर्थ मात्र ‘बरेच’ असा होतो.

मराठीतील ‘थोडे’ पाण्यालाही चालते आणि पाहुण्यांनाही. इंग्रजीत मोजता येणाऱ्यांसाठी ‘फ्यू’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लिटल’ असे दोन शब्द लागतात. ‘सम’ दोन्हीकडे चालतो, आणि आकड्याच्या आधी आल्यास ‘सुमारे’ असा अर्थ देतो.

या शब्दांची मुळे निरनिराळी आहेत. ‘फ्यू’ हा जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द असून लॅटिनमधील ‘पाउकुस’ हा त्याचा सगोत्र आहे. ‘बिट’ म्हणजे मुळात दातांनी तोडलेला तुकडा. ‘कपल’च्या मुळाशी बंध या अर्थाचा लॅटिन ‘कोपुला’ आहे, तर ‘सेव्हरल’ हा ‘वेगळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. ‘सेव्हरल’चा तो जुना अर्थ कायद्याच्या भाषेत अजून जिवंत आहे. कर्जाच्या करारनाम्यात सहकर्जदारांची जबाबदारी ‘जॉइंट अँड सेव्हरल’ असल्याचे लिहिलेले असते, तेव्हा ती संयुक्त आणि पृथक् अशी दोन्ही प्रकारची असते, म्हणजे संपूर्ण रक्कम एकट्याकडूनही वसूल करता येते. तेथे ‘सेव्हरल’चा अर्थ ‘अनेक’ असा घेणे महागात पडू शकते.

व्यवहाराला नेमकेपणा हवा असतो तेथे याच मोघम शब्दांना आकडे बांधून दिले जातात. विमानतळावरील हवामान-अहवालात आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतील 1 ते 2 भाग ढगांनी व्यापले असल्यास ‘फ्यू’, 3 ते 4 असल्यास ‘स्कॅटर्ड’ आणि 5 ते 7 असल्यास ‘ब्रोकन’ असे नोंदवतात. भारतीय हवामान विभागाच्या पर्जन्य-अंदाजात मात्र ‘अ फ्यू प्लेसेस’ म्हणजे संबंधित क्षेत्रातील 26 ते 50 टक्के केंद्रांवर पाऊस. त्याहून कमी केंद्रांसाठी ‘आयसोलेटेड’ हा शब्द आहे. मराठी बातम्यांतील ‘काही ठिकाणी’ आणि ‘तुरळक ठिकाणी’ यांमागे हीच विभागणी असते, आणि पेरणीचा निर्णय घेणाऱ्याला ती माहीत असणे फार उपयोगाचे आहे.

मराठीची स्वतःची रीत संख्यांची जोडी लावण्याची आहे: ‘एक-दोन’, ‘दोन-चार’, ‘पाच-सात’, ‘आठ-दहा’. कित्येकदा एकटा ‘चार’ही पुरतो, ‘चार पैसे मिळवणे’ किंवा ‘चार लोकांत बोलणे’ यांत चार ही मोजणी नसते. या जोड्यांमुळे मराठीला अंदाजाच्या पायऱ्या इंग्रजीपेक्षा अधिक बारकाईने दाखवता येतात. ‘कपल’चा मूळ रोख दोनवर असला, तरी बोलण्यात ‘अ कपल ऑफ डेज’ अनेकदा तीन दिवसांपर्यंत सैल होतो. कचेरीतल्या मराठीतही आता तो ऐकू येतो. त्याच्या जागी ‘एक-दोन दिवसांत’, ‘दोन-तीन दिवसांत’ आणि ‘दोन-चार दिवसांत’ असे तीन वेगळे वायदे मराठीत करता येतात, आणि ऐकणाऱ्याला त्यांतील फरक न सांगता कळतो.