वायरलेस नेटवर्कमध्ये पीएचडी करताय? परिषदेच्या ट्रॅव्हल ग्रँटसाठी अर्ज कसा करायचा

शोधनिबंध स्वीकारल्याचा मेल येतो, गाईड अभिनंदन करतात आणि त्याच संध्याकाळी विमानाचं भाडं बघून छातीत धस्स होतं. या अडचणीसाठीच बहुतेक मोठ्या परिषदा विद्यार्थ्यांना ट्रॅव्हल ग्रँट, म्हणजे प्रवास अनुदान देतात. तरीही चांगलं काम असलेली कितीतरी मुलंमुली अर्जच करत नाहीत किंवा एखाद्या कागदापायी बाद होतात, हे मी जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढते आहे.

आपल्या विषयात परिषदेचं वजन फार मोठं आहे. नेटवर्किंगची इन्फोकॉम ही परिषद १९८२ पासून भरते, मोबाइल नेटवर्किंगची मोबिकॉम १९९५ पासून. आय ट्रिपल ई (IEEE) या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या कम्युनिकेशन्स सोसायटीच्या आयसीसी आणि ग्लोबकॉम या दोन परिषदांना तर या क्षेत्रातले जवळपास सगळे संशोधन गट कधी ना कधी जातात. जर्नलचा निबंध हातात पडेपर्यंत अनेकदा वर्ष उलटतं. तेवढ्या वेळात आपला प्रश्न दुसऱ्या कुणीतरी सोडवलेला असू शकतो. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा निघणार आहे, हे जाहिरातीच्या आधी कॉफीच्या रांगेत कळतं. उद्या प्रबंध तपासणारे परीक्षक आज तुमच्या पोस्टरसमोर उभे असतात. निबंध छापून आला पण माणूस गेलाच नाही, तर यातलं अर्धं हातचं जातं.

कोण पात्र?

नियम परिषदेगणिक बदलतात, पण गाभा सारखाच असतो. तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असलं पाहिजे आणि परिषदेच्या तारखांनाही तुमची नोंदणी चालू असली पाहिजे. शेवटच्या वर्षातले विद्यार्थी नेमके इथे अडकतात. अर्ज करताना विद्यार्थी असतात, पण परिषद येईपर्यंत प्रबंध सादर होऊन पदवीही हातात आलेली असते. तुमचं तसं होण्यासारखं असेल, तर अर्जाआधीच आयोजकांना मेल करून विचारा. काही ठिकाणी निबंध विद्यार्थीदशेत स्वीकारला गेला, एवढं पुरतं.

निबंध सादर तुम्हीच करणार आहात, ही दुसरी अट. पहिला लेखक असणं सगळीकडे सक्तीचं नसतं, मात्र सादरकर्ता म्हणून तुमचं नाव पक्कं हवं. तिसरी अट सभासदत्वाची. परिषद भरवणाऱ्या संस्थेचं विद्यार्थी सभासदत्व अर्जाच्या दिवशी चालू आहे का, हे आधी तपासा. नुसतं आय ट्रिपल ईचं सभासदत्व असून भागेलच असं नाही, आतल्या सोसायटीचं वेगळं लागू शकतं.

पैसे कुठून आले, यावरही पात्रता ठरते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून दिलेली ग्रँट साधारणपणे अमेरिकी विद्यापीठांत शिकणाऱ्यांनाच मिळते. तिथे तुमचं नागरिकत्व पाहत नाहीत, संस्था कुठली ते पाहतात. त्याच परिषदेत इतर विद्यार्थ्यांसाठी दुसरा निधी असू शकतो, त्यामुळे पहिली ओळ वाचून पान बंद करू नका.

निबंध नाही म्हणून वाट बंद, असंही समजू नका. एसीएम-डब्ल्यू ही एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेची महिलांसाठीची शाखा संगणकशास्त्रातल्या विद्यार्थिनींना संशोधन परिषदेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती देते आणि तिथे निबंध सादर करण्याची अट नाही. नेटवर्किंगच्या परिषदाही त्यात बसतात. अनेक परिषदांत स्वयंसेवक म्हणून काम केल्यास नोंदणी शुल्क माफ होतं. दालनाच्या दाराशी उभं राहून माईक फिरवण्याचं काम असतं, पण सत्रं सगळी ऐकायला मिळतात.

वेळेचं गणित

ग्लोबकॉम डिसेंबरमध्ये असते आणि निबंध स्वीकारल्याचे तिचे निकाल ऑगस्टच्या आसपास लागतात. इन्फोकॉमचे निकाल साधारण डिसेंबरात लागतात आणि परिषद पुढच्या वसंतात असते. म्हणजे हातात चार-पाच महिने आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ग्रँटचा फॉर्म निकालानंतर थोडेच दिवस खुला असतो आणि त्याच दिवसांत निबंधाची अंतिम प्रतही द्यायची असते. मग अंतिम प्रत झाली की फॉर्म बघू, असं ठरतं आणि मुदत निघून जाते.

माझ्या तिसऱ्या वर्षी असंच झालं. माझा अर्ज वेळेत गेला होता, पण शिफारसपत्र गाईडकडून थेट जायचं होतं. ते प्रवासात होते आणि पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. अर्ज अपूर्ण म्हणून उघडलाच गेला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते: स्वीकृतीच्या मेलला तुम्ही जे उत्तर गाईडना लिहिता, त्याच उत्तरात पत्र मागा, मुदतीची तारीख टाका आणि मसुद्यासाठी लागणारे मुद्देही जोडा.

कागदपत्रं

सगळ्यात जड कागद हे शिफारसपत्रच. विद्यार्थी हुशार आहे, मेहनती आहे, अशा पत्राचा इथे उपयोग नाही. समितीला चार गोष्टी हव्या असतात: विद्यार्थी आमच्याकडे पूर्णवेळ नोंदलेला आहे, निबंध तोच सादर करणार आहे, गटाकडे त्याच्या प्रवासासाठी किती पैसे आहेत आणि ग्रँट मिळाली तर उरलेला खर्च कोण करणार. शेवटचे दोन मुद्दे लिहायला गाईड संकोचतात. त्यांना सांगा, की आकडा लिहिल्याने अर्ज कमकुवत होत नाही. अर्धा खर्च गट उचलतोय असं दिसलं, तर तो विद्यार्थी खरोखर येणार याची समितीला खात्री पटते.

बाकीचे कागद पटकन होतात: विद्यापीठाचं बोनाफाईड प्रमाणपत्र, स्वीकृतीचा मेल, निबंधाची प्रत, दोन पानांचा सीव्ही, सभासद क्रमांक. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढलेला नसेल तर काढून ठेवा. तो १६ अंकी आणि फुकट असतो आणि नाव बदललं किंवा वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं गेलं तरी तुमचे निबंध तुमच्याच नावावर राहतात. आणखी एक गोष्ट. फॉर्ममधलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. निबंधावर आद्याक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण नाव असेल, तर दोन्ही कुठेतरी लिहून द्या. पैसे परत मिळवताना हाच घोळ सगळ्यात जास्त छळतो.

खर्चाच्या अंदाजात गोल आकडे टाकू नका. भाडं त्या दिवशी दिसलं ते लिहा, राहण्याच्या रात्री मोजा आणि खोली कुणाबरोबर वाटून घेणार असाल तर तसं नमूद करा.

‘तुम्हाला का यायचं आहे?’

फॉर्ममधली ही चौकट दोन-तीनशे शब्दांची असते आणि बहुतेक अर्ज तिथे एकसारखे होतात. ‘जगभरातील तज्ज्ञांशी संवाद साधण्याची अमूल्य संधी मिळेल’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दुपारी वीसदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘६ गीगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाय-फाय आणि ५जी शेजारी-शेजारी चालले, तर बोलण्याआधी ऐकण्याच्या (म्हणजे प्रसारणाआधी वाहिनी मोकळी आहे का ते तपासण्याच्या) नियमामुळे कुणाच्या वाट्याला किती हवा-वेळ (प्रसारणाचा वेळ) येतो, हे मी मोजलं आहे. माझी मोजमापं प्रयोगशाळेतल्या चार रेडिओंवरची आहेत. माणसांनी भरलेल्या इमारतीत अशी मोजणी केलेल्या दोन गटांचे निबंध याच परिषदेत आहेत. माझ्या आकड्यांत वाय-फायला अनपेक्षितपणे कमी वेळ मिळतो. तो दोष माझ्या मांडणीचा आहे की नियमाचा, हे मला त्यांच्याबरोबर बसून तपासायचं आहे.’

एवढ्या पाच वाक्यांत तुमचं काम कळतं, त्याची मर्यादा कळते आणि तुम्ही परिषदेचा कार्यक्रम वाचला आहे हेही कळतं. आपल्या कामातली मर्यादा लिहायला घाबरू नका. समितीतले लोक स्वतः संशोधक असतात आणि रेडिओची मोजमापं किती हट्टी असतात, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

नोंदणी आणि व्हिसा

ग्रँट मिळो न मिळो, निबंधासाठी लेखक-नोंदणी करावीच लागते. आय ट्रिपल ईच्या अनेक परिषदांत प्रत्येक निबंधामागे एक नोंदणी पूर्ण दराने लागते आणि विद्यार्थी दरातल्या नोंदणीत निबंध धरला जात नाही. हा फरक मोठा असतो, म्हणून ग्रँटच्या अंदाजात योग्य दर टाका. आणि निबंध सादरच झाला नाही, तर आयोजक तो आय ट्रिपल ईच्या एक्सप्लोर या ऑनलाइन निबंध-संग्रहातून वगळू शकतात. जाणं खरंच जमणार नसेल, तर सहलेखकाला पाठवण्याची परवानगी वेळेत मागा.

व्हिसासाठी ग्रँटच्या निकालाची वाट पाहू नका. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा. बऱ्याच ठिकाणी ते नोंदणी झाल्यावरच मिळतं. परिषद शेंगेन देशात, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशात, असेल, तर अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा.

पैसे केव्हा मिळतात?

बहुतेक ग्रँटचे पैसे परिषद झाल्यावर, पावत्या दाखवल्यावर मिळतात. म्हणजे तिकीट आधी तुमच्याच खिशातून. तेवढी रक्कम उभी करणं जमत नसेल, तर विद्यापीठाकडे आगाऊ रक्कम मागा किंवा आयोजकांना स्पष्ट लिहा. नोंदणी शुल्क परस्पर वळतं करणं त्यांना कधी कधी शक्य असतं. हे विचारण्यात कमीपणा अजिबात नाही.

बोर्डिंग पास फेकू नका, जाताना आणि येतानाचे दोन्ही जपा. हॉटेलच्या पावतीवर तुमचं नाव आणि रात्रींची संख्या हवी, नुसती कार्डाची चिठ्ठी चालत नाही. खोली वाटून घेतली असेल, तर काउंटरवरच दोन वेगळ्या पावत्या करून मागा, कारण घरी परतल्यावर मेलवरून त्या करून घेताना आठवडे जातात. दाव्याची मुदतही ठरलेली असते, तेव्हा परतलात की त्याच आठवड्यात सगळं स्कॅन करून पाठवा.